वातनलिकांतील बुरशी व तिचे निर्मूलन

अमेरिकेतील बहुसंख्य घरांत उष्ण वा शीत हवा एकाच यंत्रातून पत्र्याच्या अथवा काचतंतूंच्या नळ्यांवाटे खोल्याखोल्यांत पोहोचविली जाते. या नळ्यांत, किंवा शीतक वेटोळ्यांखालील निचऱ्याच्या तबकात, ओल टिकून तिला धुळीतील सेंद्रिय अंशाची जोड मिळाली, की क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस आदी कवके मूळ धरतात. काळा डाग दिसताच सफाईचा मक्ता देणे उतावळेपणाचे होय, कारण तो बुरशीचाच आहे हे प्रयोगशाळेतील तपासणीनेच निर्विवाद ठरते. यंत्र बंद करून, नळ्यांत ऋणदाब राखून व सुटणारी धूळ सूक्ष्म गाळणीच्या शोषकयंत्राने ओढून घेत, उघडा पत्रा घासून स्वच्छ करता येतो. परंतु भिजून बुरसटलेले काचतंतूंचे अस्तर साफ होत नाही, ते काढून नवेच बसवावे लागते, आणि त्यावर जंतुनाशक फवारण्याचा ठेकेदाराचा आग्रह सर्वस्वी अग्राह्य समजावा, कारण अशा अस्तरासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कोणतेही जंतुनाशक नोंदविलेले नाही. गळतीचा बंदोबस्त करून घरातील सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांखाली न राखल्यास हा सारा खर्च व्यर्थ जातो. मुंबईतील खोलीपुरत्या वातानुकूलन यंत्रांना अशा नळ्या नसतात. तबक व वेटोळी मात्र तेथेही पावसाळ्यात बुरसटतात.