कुंभक आणि पाऱ्याची नळी

बोरी नदीकाठचं अमळनेर म्हटलं की सखाराम महाराजांची वाडी आठवते, प्रताप मिल आठवते, १९१६ सालचं तत्त्वज्ञान मंदिर आठवतं. श्वास कोंडल्यावर शरीरात काय घडतं, हे यंत्रं लावून तपासणारा माणूस याच गावात मास्तर होता, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी अंग कमावलं आणि मग ते खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला आले. पुढे ते अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कालांतराने ते महाविद्यालय बंद पडलं.

तोवर त्यांच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. १९१९ साली नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली होती. गुरूंनी क्रिया शिकवल्या. त्या क्रियांचं शरीरशास्त्र शिष्याला हवं होतं.

१९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं. तिथल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक नौलीवरचा. श्वास पूर्ण बाहेर टाकायचा, तसाच रोखायचा आणि हवा आत न घेता फासळ्या उचलायच्या. छातीचा पडदा वर सरकतो, पोट पाठीला लागतं. हा उड्डियान बंध. मग पोटाचे मधले दोन स्नायू दोरखंडासारखे पुढे काढले की नौली. बस्ती या आतडं धुण्याच्या योगक्रियेत पाणी आतड्यात आपोआप चढतं ते कसं, हा जुना प्रश्न होता. आतड्याची हालचाल उलटी होते, असा एक तर्क होता. कुवलयानंदांनी आतड्यातला दाब पाऱ्याच्या दाबमापकावर मोजला. नौली करताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाखाली उतरत होता, म्हणजे पाणी चक्क ओढलं जात होतं. दाब उतरून झालेल्या या पोकळीला त्यांनी गुरूंचंच नाव दिलं.

कुंभक म्हणजे श्वास रोखून धरणं. ‘कुंभकानं अंगात प्राणवायू भरतो’ ही समजूतही त्यांनी मोजमापाला लावली आणि प्राणायामाचं मोल प्राणवायूच्या हिशेबात शोधू नये, असं मांडलं. आजचं शरीरशास्त्रही सांगतं की दम कोंडल्यावर जीव कासावीस होतो तो मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कर्बवायूमुळे. म्हणूनच विहिरीत बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणं धोक्याचं. त्यानं कर्बवायू घटतो, धोक्याची घंटा उशिरा वाजते आणि तोवर पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

कैवल्यधाम सुरू झालं त्याच वर्षी, १९२४ साली, ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. आसनांच्या वर्णनाशेजारी त्यात क्ष-किरणांची चित्रं आणि दाबाचे आकडे छापले जाऊ लागले.