दोन कोर्टांचे गाव

आमच्या तालुक्याच्या गावात कोर्टे दोन. एक दगडी, जेथे तारखा पडतात. दुसरे मातीचे, जेथे एके काळी चेंडू पडत. पाहुण्याला नुसते 'कोर्टामागे राहतो' असे सांगावे, तर तो हमखास भलत्याच कोर्टामागे जाऊन उभा राहतो. पहिल्या कोर्टाचा इतिहास दप्तरांत बांधून ठेवलेला आहे. दुसऱ्याचा कोणी लिहिला नाही. म्हणून मॅट्रिकपुरता शिकलेला मी एक ड्रॉइंगमास्तर, कादंबऱ्या बाजूला ठेवून तो लिहावयास बसलो आहे. पंडितांनी क्षमा करावी.

आपण समजतो तितके हे टेनिस जुने नव्हे. चार भिंतींच्या आत खेळायचा त्याचा पूर्वज राजेरजवाड्यांचा. परंतु उघड्या हिरवळीवरच्या खेळाचे पेटंट मेजर वॉल्टर विंगफील्ड ह्या इंग्रज गृहस्थाने १८७४ साली घेतले. त्याचे मैदान मध्ये निमुळते, डमरूसारखे होते. तीनच वर्षांनी, १८७७ साली, विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली ती मात्र सरळ लंबचौकोनात, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. लांबीचा तो आकडा आजही तोच आहे. साहेब जेथे जेथे बदलून गेला तेथे तेथे हा लंबचौकोन त्याच्या पेटाऱ्याबरोबर गेला. प्रथम छावणीत, मग जिल्ह्याला, आणि अखेर आमच्यासारख्या आडगावी, अंमलदारांच्या क्लबात.

शहरांतून आपल्या लोकांनीही जिमखाने काढले. मुंबईत पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. खेळ एक, पण कुंपणे वेगवेगळी! पुण्यास १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि त्याने विलायती खेळांबरोबर देशी खेळही हाती घेतले. खो-खोला लेखी नियमांची शिस्त लागली ती तेथेच. तोवर हा खेळ नियमांवाचून, पोरांच्या तोंडी परंपरेनेच चालत आला होता.

आमच्या कोर्टावर माझे आजोबा जात. खेळायला नव्हे, चेंडू वेचायला. महिन्याकाठी चार आणे मिळत. जाळे ताणण्याची लोखंडी चावी फिरवणे हेही त्यांचेच काम. चावीचा तो कर्र आवाज ते म्हातारपणी तोंडाने काढून दाखवीत, आणि आम्ही नातवंडे हसत असू. एकदा मी विचारले, "आजोबा, तुम्ही कधी रॅकेट धरलीत का हो?" ते म्हणाले, "धरली की! पुसून ठेवायला." त्या दिवशी मी हसलो नाही.

१९४७ साली साहेब गेला. कुलूप मात्र राहिले. किल्ली फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली. आमचेच अंमलदार पांढरी विजार घालून खेळू लागले. पुढे त्यांचीही हौस संपली. मी शाळेत होतो तेव्हा जाळे कुजून लोंबत होते. मग बाभळी आल्या, घाणेरी आली, आणि शेवटी वाळूचोरीत जप्त केलेले ट्रॅक्टर आणून लावले गेले. सोळा-सतरा वर्षे ते तेथे गंजले. गावाने त्या जागेकडे पाहणेच सोडून दिले.

जागा मोकळी करण्याची परवानगी मिळाली तेव्हा भांडण जुंपले. कोणी म्हणे व्यापारी गाळे काढा. एक ठेकेदार म्हणाला, "हिरवे प्लास्टिकचे गवत अंथरतो, दिवे लावतो, तासावर भाड्याने देऊ, गावाला उत्पन्न." तरुण मंडळी त्याच्या बाजूची. खरे सांगायचे तर हिशेब त्याचाच चोख होता. गावाची गटारे उघडी आहेत. उत्पन्न कोणाला नको?

सभेत मला बोलता येत नाही. तरीही उठलो. म्हटले, ह्या फाटकाला पहिले कुलूप राज्याचे होते, दुसरे हुद्द्याचे. आता तिसरे पैशाचे लावायचे असेल तर खुशाल लावा. पण मग चेंडू वेचायला पोरे कोणाची ठेवणार, तेही आजच ठरवा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरून आमच्या शाळेतली एक मुलगी तेवढी म्हणाली, "सर, आम्हाला खो-खोला जागाच नाही." त्या एका वाक्याने पारडे फिरले. माझ्या भाषणाने नव्हे.

मग माझी ड्रॉइंगची विद्या कामास आली. धावायच्या जागेसकट जुने कोर्ट १२० फूट बाय ६० फूट, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर बाय सव्वाअठरा. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर. भोवती दीड-दीड मीटर मोकळी जागा धरली तर ३० बाय १९. लांबी भरपूर, रुंदी पाऊण मीटर कमी! एका बाजूचे तारेचे कुंपण दीड हात सरकवले आणि साहेबाच्या चौकटीत आमचा खेळ बसला. कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे मैदानही त्याच मातीवर, दुसऱ्या वेळेला. बाभळीची मुळे खणून काढली, मुरूम पसरला, पाणी मारून रूळ फिरवला, पाणी निघून जावे म्हणून दहा फुटांस इंचभर उतार दिला. दोरीला तीन, चार, पाच हातांवर गाठी मारून काटकोन धरले आणि फक्की मारली.

अडचण निघाली ती जाळ्याच्या दोन लोखंडी खांबांची. ते एकमेकांपासून ४२ फुटांवर, म्हणजे खो-खोच्या मैदानात ऐन धावण्याच्या वाटेवर येत होते. एक भंगारात गेला. दुसरा, चावीसकट, मी फाटकाजवळच्या बाकाशेजारी पुरून घेतला. म्हातारी मंडळी त्याला काठ्या टेकवून बसतात.

क्षमाबाई राव संस्कृतात काव्य लिहीत आणि टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ साली विंबल्डनला सामना जिंकला. पण त्या मायलेकींना मैदान उघडे होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो भारताच्या मुलींनी जिंकला, आणि त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची होती. आमच्या मुली तेव्हापासून ते नाव घरच्या माणसासारखे घेतात. संध्याकाळचे पाच ते सात मैदान त्यांचे, हा ठराव झाला आहे. मुलगे कुरकुरतात. ठेकेदार अजून दिव्याच्या बिलाची आठवण करून देतो. बिल दर महिन्याला वर्गणीने भरावे लागते आणि दोनदा थकलेही आहे.

परवा अंधार पडता पडता मी बाकावर बसलो होतो. शेवटचा डाव संपला होता. एक लहान मुलगी आली, गंजलेली चावी दोन्ही हातांनी फिरवू लागली. तिने विचारले, "सर, ह्याने काय होतं?"

चावी कर्र वाजली. आजोबा काढीत तसाच आवाज.

"आता काही नाही होत," मी म्हणालो. "फिरव तू."