काकोळ्याचं तळं

स्टेशनवर रेलनीरची बाटली आपण सगळेच घेतो. त्यातली अंबरनाथला भरलेली जी असते, तिचं पाणी काकोळ्याचं. मलंगगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, अंबरनाथला लागूनच हे छोटंसं गाव आहे.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि पुढे घाटाकडे निघाली. वाफेच्या इंजिनांना पाणी प्रचंड लागायचं, म्हणून जीआयपी रेल्वेने इथे वालधुनी नदी अडवली. लोक अजूनही 'जीआयपी टँक'च म्हणतात. इंजिनं भंगारात गेली, तळं राहिलं. (आमच्या भाषेत लेगसी सिस्टिम. विनातक्रार चालू!)

हीच वालधुनी खाली शिलाहारांच्या शिवमंदिराला वळसा घालते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. तिथून पुढे मात्र कारखाने, मग उल्हासनगर. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत ओतलेल्या रसायनांच्या वायूने तिथल्या शेकडो लोकांना हॉस्पिटल गाठावं लागलं.

मी लहानपणापासून तिला नालाच समजत होतो. परवा रविवारी तळ्याच्या बांधावर उभे असताना मित्राने विचारलं, "ही कुठली नदी रे?" नाव सांगितलं तर म्हणाला, "चल, काहीतरीच!"