हुंडेकऱ्याचा हिशेब

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून घरातली मंडळी फराळाला बसतात, तेव्हा ताटातल्या पदार्थांची तारीफ होते, ते करणाऱ्या गृहिणीची होते, क्वचित वाण्याचीही होते. परंतु लाडवातले बेसन ज्या डाळीचे, ती लातूरकडच्या दालमिलमधून आली, चिवड्याचे पोहे पेणचे, साखर कोल्हापूर-सांगलीची, करंजीतले खोबरे दक्षिणेकडून सह्याद्री ओलांडून आले. हे सगळे आणले कोणी, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. ज्याने आणले तो त्या पहाटे बहुधा कुठल्यातरी नाक्यावर, गाडीखाली सतरंजी टाकून झोपलेला असतो. त्याच्या मालमोटारीच्या बॉनेटला झेंडूची माळ असते, एवढीच त्याची दिवाळी.

ह्या माणसाला हा धंदा परवडतो का, हा माझा आजचा विषय. विषय रुक्ष वाटेल. पण ह्या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे.

आपल्या भाषेत 'हुंडेकरी' हा एक सुरेख शब्द आहे. आज तो बहुतेकांना आडनाव म्हणूनच ठाऊक असेल. माल एका गावाहून दुसऱ्या गावी एकठोक रकमेत पोहोचवण्याचा जो पत्कर घेई, तो हुंडेकरी. वाटेतली जकात, बैलांचे भाडे, चौकीपहारा सारे त्या ठरलेल्या रकमेतून त्यानेच भागवायचे. मग जे उरेल ते त्याचे, आणि तूट आली तर तीही त्याचीच. पेशवाईतल्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. पुण्याहून घाटाखाली माल उतरवायचा म्हणजे वाटेत जकातीच्या चौक्या किती लागतील आणि कोण काय मागेल ह्याचा नेम नसे. ती डोकेदुखी हुंडेकऱ्याच्या डोक्यावर टाकून व्यापारी स्वस्थ झोपे. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

हुंडेकरी छोट्या पल्ल्याचा. लांब पल्ल्याची वाहतूक बंजाऱ्यांची, म्हणजे आपण ज्यांना लमाण म्हणतो त्यांची. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा आडवा आला होता. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांची हकिकत सांगतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, की तो निघून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात अडकणाऱ्यांनी ह्यावरून थोडे समाधान मानून घ्यावे. १८०३ साली आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये लढत होता, तेव्हा त्याच्या फौजेच्या पोटाची काळजी ह्याच लोकांच्या गोण्यांवर अवलंबून होती. फौज शिंद्यांची असो की इंग्रजांची, तांडा दोघांनाही धान्य विके.

हा धंदा त्यांना परवडत होता, आणि का परवडत होता हे पाहण्यासारखे आहे. एक तर बैल त्यांचे स्वतःचे. दुसरे, पुष्कळदा मालही त्यांचाच. ते नुसते वाहक नव्हते, व्यापारीही होते. घाटावरचे धान्य खाली न्यावे, येताना कोकणातले मीठ भरून आणावे. परतीची खेप कधी रिकामी नसे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: बैल रस्त्याच्या कडेचे गवत खात. गवत फुकट. तांडा दिवसाला फार तर सात-आठ मैल चाले. पण त्या चालीत इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य होता. गवत हेच तांड्याचे डिझेल.

१८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. बैलाच्या पाठीवरचा माल चाकावर आला. १८३७-३८ च्या सुमारास मुंबई इलाख्यातली वाटेवरची जकातही उठली. ह्या रस्त्यावर जो गाडीवान आला, तो बंजारा नव्हता. तो शेतकरी होता. सुगी आटोपली, बैल गोठ्यात बसून कडबा खाताहेत, तर चार खेपा माराव्यात, चार पैसे गाठीला येतील, असा त्याचा विचार. आता ह्यातली मेख पाहा. गाडी त्याची, बैल त्याचे, कडबा घरचा आणि वेळ रिकामा; म्हणून तो भाडे सांगताना ह्यांपैकी कशाचेच मोल धरीत नसे. हातात रोख रुपये आले म्हणजे नफा झाला, अशी त्याची समजूत. दोन वर्षांनी बैल थकला, की नवा बैल घ्यायला तो सावकाराकडे जाई. तेव्हाही त्या कर्जाचा आणि त्या खेपांचा संबंध त्याच्या ध्यानात येत नसे. स्वतःच्या वेळेला किंमत न लावणारा माणूस बाजारात उतरला, म्हणजे वेळेला किंमत लावणाऱ्याचे दिवाळे निघते. तांड्यांच्या बाबतीत थोडेफार तसेच झाले.

उरलेसुरले आगगाडीने केले. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. गाडीवान बचावला, कारण स्टेशनापर्यंत माल आणायला बैलगाडीच लागत होती. लमाण मात्र देशोधडीला लागले. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला, फुकटचे गवत आटत गेले, आणि १८७१ च्या कायद्याने सुरू झालेली जातीच्या जातीला गुन्हेगार ठरवण्याची रीत त्यांच्यापैकी कित्येकांपर्यंत येऊन पोहोचली. ज्यांनी राजांच्या फौजा पोसल्या, त्यांच्या नातवंडांना पोलिसचौकीवर हजेरी लावावी लागली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला.

मोटार-लॉरी आपल्याकडे खरी दिसू लागली ती पहिल्या महायुद्धानंतर, लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या तेव्हा. गाड्या आल्या, पण रस्ते कुठे होते? १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने सुचवले, की पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांवर खर्च करावा. त्यातून १९२९ साली रस्ता निधी उभा राहिला. म्हणजे रस्त्याचा खर्च गाडी हाकणाऱ्याच्या टाकीतून काढण्याची युक्ती एका मराठी बॅरिस्टरच्या समितीने दिलेली आहे. युक्ती वाजवी होती, ह्यात शंका नाही. परंतु गवताचा जमाना संपला, तो इथे कायमचा संपला.

१९३९ च्या मोटार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाचे तास ठरवले: सलग पाच तासांहून अधिक नाही, दिवसाला नऊ, आठवड्याला चोपन्न. कागदावर उत्तम. त्याच कायद्याने परवान्यांचे राज्य आणले. रेल्वेचे उत्पन्न बुडू नये म्हणून लॉरीला ठराविक टापूबाहेर जाऊ द्यायचे नाही, असे धोरण होते. ह्याचा एक विचित्र परिणाम झाला. परवाने थोडे, माल पुष्कळ; मग ज्याच्याकडे परवाना, त्याला भाडे बरे मिळे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. जुने ड्रायव्हर त्या काळाविषयी भरभरून बोलत, त्याचे कारण इंजिनाच्या दणकटपणाइतकेच परवान्यांच्या टंचाईत आहे.

ह्याच सुमाराला महाराष्ट्रात एक फाटा फुटला, आणि तो मला ह्या साऱ्या कथेतला मोक्याचा वाटतो. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला (आताचे अहिल्यानगर) पहिली एस. टी. धावली. प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली, मालवाहतूक खाजगी राहिली. एकाच गावचे दोन भाऊ, दोघांच्याही हाती स्टिअरिंग. एक एस. टी.त लागला, त्याला ठरलेला पगार, गणवेश, फंड आणि रात्री डेपोत पाठ टेकायला जागा मिळाली. तेथे हाल नव्हते असे नाही; पण तो नोकरदार होता. दुसरा मालमोटारीवर गेला. त्याच्यासाठी १९६१ साली मोटार कामगारांचा कायदा झाला, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. परंतु तो लागू व्हायला मालकाकडे निदान पाच कामगार असावे लागत. आपल्याकडच्या बहुतेक मालकांपाशी एक, दोन, फार तर तीन गाड्या. जाळे विणले, पण भोके माशाहून मोठी ठेवली.

आणि माल तर सारा रस्त्यावर आला. १९५०-५१ साली देशातल्या मालवाहतुकीपैकी शेकडा नव्वदच्या आसपास रेल्वेकडे होती; आज सुमारे दोन-तृतीयांश रस्त्यावरून होते. १९७५ पासून राष्ट्रीय परवाने आले, बँकांनी लहान गाडीवाल्यांना कर्जे देणे सुरू केले, आणि परवान्याच्या टंचाईचा तो जुना आधार गेला. २०१८ च्या जुलैत सरकारने दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. म्हणजे एकही नवी गाडी न घेता, एका रात्रीत, देशातले गाड्यांचे बळ वाढले; माल तेवढाच. भाड्याचे काय होणार, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

आता हिशेबाकडे येऊ. गेल्या वर्षी सातारा रस्त्यावर, खंबाटकीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर, एका ड्रायव्हरशी गप्पांचा योग आला. मी विचारले, "पगार किती मिळतो?"

"पगाराचं इचारू नका, मास्तर," तो म्हणाला, "खर्चीचं इचारा."

शेठ खेपेला एकठोक रक्कम हातावर ठेवतो. डिझेल किती लागावे ते त्याने आधीच धरलेले. वाटेतले जेवण, पंक्चर, हमाल आणि ज्यांचे नाव घ्यायचे नसते अशा मंडळींचे चहापाणी त्यातूनच. उरले ते ड्रायव्हरचे. ऐकता ऐकता मी चमकलो. हा तर हुंडेकरी! फरक एवढाच, की जुन्या हुंडेकऱ्याचा सौदा व्यापाऱ्याशी समोरासमोर होई आणि रक्कम तो स्वतः सांगे. इथे माल मिळवून देणारा बुकिंगवाला दलाली घेऊन मोकळा, शेठ हप्त्यांच्या चिंतेत, आणि वाटेवरची जोखीम, जिच्याबद्दल हुंडेकऱ्याला पैसे मिळत, ती मात्र स्टिअरिंगवर बसलेल्याच्या गळ्यात.

डिझेलचेच पाहा. समजा, चौदाशे किलोमीटरची खेप आहे आणि गाडी लिटरला चार किलोमीटर देते. साडेतीनशे लिटर लागले. लिटरला नव्वद रुपये धरले, तर साडेएकतीस हजार. आता ड्रायव्हरने हलक्या पायाने, घाट उताराला सांभाळून, गाडी साडेचार किलोमीटरवर आणली, तर एकोणचाळीस लिटर वाचतात. म्हणजे साडेतीन हजार रुपये. ते वाचवणे हाच त्याचा खरा नफा. ह्याला कसब लागते आणि वेळ लागतो. पण शेठला माल परवा हवा असतो. घाई केली की डिझेल जाते, न केली की खेप जाते.

महिन्याची रक्कम ऐकायला बरी वाटते, म्हणून तासांचाही हिशेब करावा. २०२० साली 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ह्या संस्थेने देशातल्या दहा शहरांत बाराशेवर ट्रकचालकांची पाहणी केली. निम्म्याहून थोडे अधिक जण महिना दहा ते वीस हजारांच्या दरम्यान कमावणारे निघाले. सरासरीने दिवसाला बारा तासांच्या आसपास गाडी चालवणारे. वीस हजारच धरा. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज बारा तास, म्हणजे तीनशे बारा तास; तासाला चौसष्ट रुपये पडले. ह्यात माल उतरण्याची वाट पाहत गोदामाबाहेर काढलेले तास नाहीत. जुन्या गाडीवानाप्रमाणे ह्याच्याही वेळेला कोणी मोल लावत नाही, आणि तोही लावत नाही. परंतु गाडीवान सुगीपुरता गाडीवान होता. हा बाराही महिने आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की काही गोष्टी सुधारल्या. मुलुंडच्या, दहिसरच्या जकात नाक्यावर रात्र-रात्र रांगेत काढलेल्या लोकांना १ जुलै २०१७ चा दिवस आठवत असेल, जी. एस. टी. आला आणि मुंबईची जकात गेली. १८३८ च्या सुमारास एकदा उठलेली जकात शहरांच्या वेशीवर परत येऊन पुन्हा उठायला इतका काळ लागला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना चालकाच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम २०२३ साली निघाला. ज्याने उन्हाळ्यात दुपारी केबिनमध्ये बसून पाहिले आहे, तो ह्याला चैन म्हणणार नाही.

मग परवडते का? स्वतःची गाडी, कर्ज फिटलेले, परतीची खेप ठरलेली, आणि घरचाच माणूस स्टिअरिंगवर, एवढे जुळून आले तर परवडते. म्हणजे बंजाऱ्याला ज्या कारणांनी परवडे, त्याच कारणांनी. नुसत्या पगारी ड्रायव्हरला माझ्या मते परवडत नाही. त्याचे फक्त चालते. २०२४ च्या जानेवारीत, अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध चालक रस्त्यावर उतरले, दोन दिवसांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि ते कलम तूर्त लागू करणार नाही असे सरकारला सांगावे लागले. त्या संपात भाड्याची, पगाराची मागणी नव्हती. पण इतक्या मिळकतीवर हीही जोखीम आम्हीच घ्यायची का, हा प्रश्न त्यामागे होताच.

त्या पाहणीतला आणखी एक आकडा आहे: शंभरातले चौऱ्याऐंशी चालक म्हणाले, की नात्यातल्या कुणाला आम्ही ह्या धंद्यात या म्हणून सांगणार नाही. खंबाटकीच्या त्या गृहस्थाला मी हेच विचारले होते, मुलगा काय करतो म्हणून.

"बारावीला हाय. यस्टीत भरती निघाली तर बघायचं," तो म्हणाला. मग खिशातून छोटी वही काढून त्याने चहाचे वीस रुपये मांडले, पेन्सिल कानावर ठेवली, आणि क्लीनरला हाक मारली. घाट अंधाराआधी चढायचा होता.