१०डब्ल्यू-३० म्हणजे नक्की काय? गाडीसाठी योग्य इंजिन ऑइल कसं निवडायचं?

मी येरवड्यात राहतो. गुंजन चौकाच्या सिग्नलला इंजिन चालू असतं, पण त्याला गार करणारा वारा नसतो. अशा वेळी ऑइलचा ग्रेड बरोबर असावा लागतो.

डब्याच्या आकड्यांचा अर्थ

- डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा जितका कमी, तितकं ऑइल थंडीत सहज वाहतं. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. पुण्यात एवढी थंडी पडतच नाही.
- नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ३० पेक्षा ५० जाड.

मग जाड तेच चांगलं का?

नाही. गरजेपेक्षा जाड ऑइल फिरवताना इंजिनची ताकद जाते आणि मायलेज घटतं. फार पातळ असेल तर पार्ट एकमेकांवर घासून झिजतात.

उदाहरणार्थ, ॲक्टिव्हा ६जी आणि स्प्लेंडर दोन्हींना १०डब्ल्यू-३० चालतं, रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५०.

ग्रेड सारखा, तरी ऑइल वेगळं

गिअरच्या बहुतेक बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. तिथे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हवं. स्कूटरचं ‘एमबी’ ऑइल घातलं तर क्लच स्लिप होऊ शकतो.

मॉडेलनुसार ग्रेड बदलतो, म्हणून मी मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्येच ठेवलाय. गॅरेजमध्ये “कुठलंही चांगलं टाका” म्हणू नका. फोटो दाखवा, आणि सीलबंद डबा समोरच उघडायला सांगा.