पत कोणाची, जामीन कोण? शहादा परिसरातील एक इतिहास

'पत' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत. चारचौघांत माणसाला मिळणारा मान म्हणजे पत, आणि पेढीवर उधार मिळण्याची त्याची योग्यता म्हणजेही पत. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले ते उगीच नव्हे. ज्याला गावात मान नाही त्याला पेढीवर पैसा नाही, आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला गावात मान नाही, असा हा दुहेरी फास आहे. लहान धंदेवाल्यास समाजाने आधार कसा द्यावा, याविषयी हल्ली पुष्कळ बोलले जाते. 16 जानेवारी 2016 रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आराखडा जाहीर केला, तेव्हापासून हा शब्द तालुक्याच्या बाजारपेठेतही ऐकू येऊ लागला. आम्हांस त्या शब्दाचे वावडे नाही. परंतु नव्या धंद्याला पहिले शंभर रुपये कोणी द्यावेत, आणि ते बुडाले तर कोणी भरावेत, हा प्रश्न त्या शब्दाहून फार जुना आहे. त्याचा इतिहास पाहावयाचा तर शहादा परिसराइतके बोलके ठिकाण विरळा.

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाई नदीच्या काठी शहादा वसले आहे. गोमाई जेथे तापीला मिळते त्या प्रकाशे तीर्थास लोक दक्षिण काशी म्हणतात. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला, पुढे धुळे जिल्ह्यात राहिला आणि 1 जुलै 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. तापीकाठची जमीन काळी व सकस. तिच्यावर कापूस, ऊस, केळी, पपई पिकविणारा गुजर समाज कष्टाळू आणि शेतीत निष्णात. त्याच गावांत, बहुधा गावाच्या कडेला, भिल्लांची वस्ती, डोंगरात पावरा. आठवड्याच्या बाजारात अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी अशा चार भाषांत घासाघीस चालते. दत्तजयंतीला सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी तिची ख्याती दूरवर आहे, पण घोड्यांच्या मागे दोरखंड, घोंगड्या, लोखंडी अवजारे, बांगड्या आणि खेळणी विकणारांच्या ज्या रांगा लागतात त्या आम्हांस अधिक अभ्यसनीय वाटतात. त्यांतील बहुतेकांचे भांडवल उसनवारीचे असते.

ब्रिटिश महसूल पद्धतीने जमीन ही विकता येणारी व गहाण ठेवता येणारी वस्तू झाली, आणि ज्यांना कागद वाचता येत होता त्यांच्याकडे ती हळूहळू सरकली. आषाढ-श्रावणात भिल्लाच्या घरातले धान्य संपे. तो खावटीसाठी दारात उभा राही. धान्य वाढीदिढीने मिळे, म्हणजे एक मण नेले तर सुगीला दीड मण परत करावयाचे. एखाद्या वर्षी पीक बुडाले की दीडाचे सव्वादोन होत. मग जमीन गहाण पडे, आणि जमीन गेली की स्वतःला वर्षाच्या करारावर बांधून घेणे एवढेच हाती उरे. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होते. त्या दिवशी उचल घ्यायची आणि पुढची आखाजी येईतो ती फेडायची. पुष्कळांची फिटत नसे. ज्या सणाला 'अक्षय' म्हणतात त्या सणाला कर्जही अक्षय व्हावे, हा केवढा दैवदुर्विलास!

आता पाहा, याला कर्ज मिळत नव्हते असे म्हणता येईल काय? कर्ज मुबलक मिळत होते. मिळत नव्हती ती पत. सावकार त्याच्या शब्दावर नव्हे, तर त्याच्या जमिनीवर आणि पुढे त्याच्या अंगमेहनतीवर पैसा देत होता. आमच्या मते सर्व इतिहासाचे मर्म या भेदात आहे.

ही पत आतून उभी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1930 च्या दशकात शेजारच्या तळोदा भागात गुलाम महाराजांनी केला. भिल्लांनी दारू सोडावी, स्वच्छ राहावे, एकमेकांस 'आप' या आदरार्थी शब्दाने संबोधावे, अशी त्यांची शिकवण होती. हजारो लोक त्यांच्या आरतीला जमत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या चळवळीचे नाव सापडणार नाही. पण दारूवर जाणारा पैसा घरात राहणे आणि शेजाऱ्याला 'आप' म्हणून मान देणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की पतपेढीचा पाया तयार होतो. वरची इमारत मात्र चढली नाही. 1938 साली गुलाम महाराज निवर्तले, आणि त्या अफाट समुदायाच्या बचतीला भांडे मिळाले नाही.

स्वातंत्र्यानंतर शहादा तालुक्यात सहकाराने जे काम केले ते डोळ्यांत भरणारे आहे. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी निघाली. उसाला व कापसाला घराजवळ गिऱ्हाईक मिळाले, शाळा-महाविद्यालये आली, आणि त्यांच्या आसऱ्याने दुरुस्तीची दुकाने, उपाहारगृहे, मालमोटारी, अवजारांची विक्री असे कितीतरी लहान धंदे उगवले. हे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु कारखाना कसा उभा राहतो, हेही पाहिले पाहिजे. 1950 मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात शिरस्ता असा पडला की, ऊस उत्पादकांनी भाग घ्यावयाचे, सरकारने भागभांडवलात भर घालावयाची आणि वित्तसंस्थांच्या कर्जास हमीही सरकारने द्यावयाची. म्हणजे बागायतदारास राज्य शासन जामीन राहिले. जो भाग घेऊ शकत नव्हता, ज्याच्या नावे उसाचे वावर नव्हते, त्या सालदाराला जामीन कोणीच नव्हते. सहकाराचा मांडव घातला गेला, आणि निम्मा गाव मांडवाबाहेर राहिला.

त्याच काळात शेतातील पिकाची चोरी होते या कारणास्तव बागायतदारांनी पीक संरक्षण संस्था स्थापून राखणदार नेमले. संस्थेचे रूप तेच, वर्गणी काढण्याची रीतही तीच. हेतू मात्र शेजाऱ्याला आत घेण्याचा नव्हे, त्याला बांधाबाहेर ठेवण्याचा. 1971 मध्ये पाटीलवाडी येथे धान्याच्या प्रश्नावरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला, आणि शहादा तालुक्याचे नाव देशभर गेले. भजनी मंडळांतून पुढे आलेले अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना संघटित केले. सर्वोदयी कार्यकर्ते व बाहेरून आलेले तरुण त्यांना मिळाले. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. सालदारांचे वेतन, गेलेल्या जमिनी, दुष्काळातील कामे हे तिचे प्रश्न. पुढे स्त्रिया दारूच्या भट्ट्यांवर चालून गेल्या. गुलाम महाराजांचे अर्धे राहिलेले काम निराळ्या वाटेने पुन्हा सुरू झाले, असे आम्ही समजतो.

या रेट्याचा परिणाम कायद्यातही दिसला. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा 1974 चा अधिनियम 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनींना लागू झाला. कायदा चांगला होता. पण त्यातील एक अट वाचकांनी ध्यानात घ्यावी: जमीन परत घेणाऱ्याने ती स्वतः कसण्याची हमी द्यावयाची आणि ठरवून दिलेली रक्कम भरावयाची. रक्कम कोठून आणावी? बैल कोणाचे जुंपावे? बियाणे कोणी द्यावे? ज्याने जमीन घेतली होती त्याच्याच दारात पुन्हा उचलीसाठी उभे राहण्याची पाळी आली, तर सातबारा नावावर होऊनही गाडी जेथल्या तेथेच. सातबारा सरकारने दिला. पत देणे सरकारच्या हाती नव्हते.

नेमकी हीच अडचण साठ-पासष्ट वर्षे आधी छोटा नागपूरमध्ये एका येशूसंघीय धर्मगुरूंपुढे उभी होती, म्हणून थोडे तिकडे वळतो. फादर योहान हॉफमन हे जर्मन. मुंडा आदिवासींच्या भाषेचा व जमीनधारणेच्या रूढींचा त्यांचा व्यासंग गाढ होता. 1908 च्या छोटा नागपूर कूळकायद्याच्या रचनेस त्यांच्या ज्ञानाचा मोठा उपयोग झाला. कायदा झाल्यावर दुसरा कोणी विसावला असता. हॉफमन यांनी ओळखले की, सावकार जिवंत आहे तोवर कायदा कागदावर राहील. लागलीच 1909 साली त्यांनी रांची येथे कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापन केली. तिचे तत्त्व त्यांच्या मायदेशातील राइफायझेन यांचे. 1846-47 च्या दुष्काळी हिवाळ्यात आपल्या गावकऱ्यांसाठी धान्य व भाकरीची सोय करणारे हे प्रॉटेस्टंट सरपंच. दयेची वर्गणी टिकत नाही हे अनुभवाने कळल्यावर त्यांनी परस्पर जामिनकीच्या पतसंस्था काढल्या. एकाचे कर्ज बुडाले तर सर्वांनी भरावयाचे. म्हणून कर्ज देताना सर्वजण डोळ्यांत तेल घालून पाहत. रांचीच्या संस्थेतही कर्ज कोणाला द्यावे हे गावच्या माणसांनी ठरवावे, अशी योजना होती. धान्याचे गोलेही निघाले: सुगीला धान्य भरावे, पावसाळ्यात न्यावे. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून हॉफमन यांना 1915 मध्ये भारत सोडावा लागला. संस्था मात्र त्यांच्या मागे टिकली. तिने शंभरी ओलांडली आहे. संस्थापक गेल्यावर जी संस्था टिकते तीच समाजाची, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील उदाहरण वाचकांना ठाऊकच आहे. 1918 साली वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथोलिकांची सहकारी पतसंस्था स्थापन केली आणि तिचीच पुढे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक झाली. केळी, भाजी, फुले, पानवेल पिकविणाऱ्या वाडीवाल्यांच्या बचतीतून हे झाड वाढले. त्याचे कौतुक आम्ही पुष्कळ ऐकले व केलेही आहे. मात्र वसईचे रोप उपटून सातपुड्यात लावावे, असे जे उत्साहाने सुचविले जाते ते आम्हांस पटत नाही. वसईकरांच्या पायाखाली स्वतःची वाडी होती, वाडीत विहीर होती, आणि आगगाडीच्या टप्प्यात मुंबईची बाजारपेठ होती. शिवाय जामीन देणारा आणि घेणारा रविवारी एकाच मंदिरात गुडघे टेकीत. शहाद्यात जामीन देऊ शकणारा आणि जामिनाची गरज असणारा हे दोन निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या बोलींचे, आणि एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिलेले. तेथे 'समाज' कोणाला म्हणावयाचे, येथपासून सुरुवात आहे.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न सहज सुटला नव्हता. 1462 साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणपेढी निघाली. वस्तू गहाण ठेवावी, अल्प आकार द्यावा, सावकाराच्या तावडीतून सुटावे, अशी ती योजना. हा अल्प आकार म्हणजे व्याजखोरीच, असा आक्षेप घेऊन पंडितांनी पन्नास वर्षे वाद घातला. अखेर 1515 मध्ये पाचव्या लॅटरन धर्मसभेत पोप लिओ दहावे यांनी निर्णय दिला की, पेढी चालविण्याच्या खर्चापुरता आकार घेणे पाप नव्हे. आम्हांस या निर्णयात शहाणपण दिसते ते असे की, गरिबाला फुकट देणे हाच एकमेव धर्म नव्हे. जो परत करतो त्याचा मान राहतो.

याच दृष्टीने आदिवासी विकास महामंडळाच्या खावटी योजनेकडे पाहावे. 1978 पासून हे कर्ज दिले जाई. सावकाराच्या वाढीदिढीला तो सरकारी पर्याय होता. 2020 मध्ये, महामारीच्या वर्षी, त्याचे रूपांतर अनुदानात झाले: कुटुंबामागे 4000 रुपये, अर्धे रोख, अर्धे वस्तुरूपाने. त्या वर्षी ते आवश्यकच होते, त्याविषयी तक्रार नाही. पण चार दशकांच्या कर्जवाटपातून गावोगावी खावटीची स्वतःची कोठारे उभी राहिली असती तर? धान्य गावचे, हिशेब गावचा, आणि राखणदारही गावचा!

त्यापेक्षा अधिक आशा आम्हांस बचत गटांत वाटते. 1992 मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग 500 गटांपासून आरंभिला. दहा-पंधरा बायका, महिन्याची ठरावीक बचत, आणि एकीच्या कर्जाला बाकीच्या सर्वजणी जबाबदार. राइफायझेनचे जुने तत्त्व नऊवारीत अवतरले, इतकेच! 2015 मध्ये मुद्रा योजनेने तारणाविना कर्जाचे दार उघडले हे खरे. पण दाराशी जाऊन अर्ज भरण्याचे धैर्य देते ती गटातली शेजारीण.

धडगाव-मोलगीच्या डोंगरात आमचूर होतो. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या, उन्हात वाळवायच्या. चैत्र-वैशाखात घरोघरी अंगण पांढरे दिसते. हा धंदा आहे, आणि कोणत्याही व्याख्येने पाहिले तरी उद्योजकाचा आहे: कच्चा माल स्वतःचा, श्रम स्वतःचे, जोखीम स्वतःची. अवकाळी पावसाची एक सर आली की आमचूर काळा पडतो आणि भाव उतरतो. परंतु बाईला तो वाळताक्षणी विकावा लागतो. कारण पेरणी तोंडावर असते, घरात पैसा नसतो, आणि पुष्कळदा व्यापाऱ्याची उचल आधीच घेतलेली असते. तिला दोन-तीन महिने माल राखून ठेवता आला तर भावाची बोली ती करील. त्यासाठी लागते ते कोरडे कोठार, एक खरा तराजू, आणि तेवढ्या महिन्यांची खावटी. लागणारी रक्कम मोठी नाही. एखाद्या धर्मग्रामाच्या वार्षिक सणाच्या रोषणाईवर जाते त्याहून फारशी अधिक नसावी. आखाजी याच दिवसांत येते. अंगणात आमचूर वाळत असताना, त्याच आठवड्यात घरचा कर्ता पुढच्या सालाची उचल घेण्यासाठी खाली तापीकाठी उतरतो.