पन्नास शब्दांची वेस

सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाला परीक्षांचे भय वाटेनासे होते, पण त्यांचा सहवास काही सुटत नाही. नेमणुकीपूर्वी एक परीक्षा, बढतीसाठी खात्याची दुसरी, राजभाषेचे ज्ञान सिद्ध करण्यासाठी तिसरी, अशी ही परंपरा चालूच राहते. गेल्या हिवाळ्यात आमच्या कोलकात्याच्या कचेरीतील एक बंगाली सहकारी हिंदीच्या ‘प्राज्ञ’ परीक्षेची तयारी करीत होते. वयाने ते मजहून बरेच वडील. दुपारच्या चहाच्या वेळी ते मला लिंगभेदाचे नियम विचारीत आणि मी माझ्या मराठी हिंदीच्या बळावर त्यांची उत्तरे देत असे. एके दिवशी वही मिटता मिटता ते म्हणाले, “ही परीक्षा उत्तीर्ण झालो, म्हणजे मी जरा अधिक भारतीय होईन, नाही का?” प्रश्न थट्टेचा होता, आम्ही दोघेही हसलो. तथापि तो माझ्या मनातून गेला नाही.

आज जगातील अनेक देश नागरिकत्व मागणाऱ्या परकीयाची परीक्षा घेतात. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. ब्रिटनमध्ये ती २००५ साली आणि ऑस्ट्रेलियात २००७ साली सुरू झाली. देशाचा इतिहास, राज्यव्यवस्था व भाषा यांविषयी काही प्रश्न विचारावयाचे आणि ठराविक गुण मिळाले तर तो माणूस आपला मानावयाचा, असा त्यामागील विचार. पण माणसाचे देशाशी असलेले नाते अशा परीक्षेने न्यायाने मोजता येते काय? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या तर्काने देण्यापेक्षा इतिहासाला विचारावे, हे बरे. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. कारण वेशीवर अडवून घेतलेली परीक्षा आणि घरात सामावून घेताना घेतलेली परीक्षा, या दोन्ही त्या एकाच देशाने घेऊन पाहिल्या आहेत.

या कथेचा आरंभ मात्र दक्षिण आफ्रिकेत होतो, आणि तोही आपल्याच माणसांपासून. नाताळच्या वसाहतीने ऊसमळ्यांसाठी १८६० पासून करारबद्ध भारतीय मजूर नेले. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना ही वस्ती डोईजड वाटू लागली. १३ जानेवारी १८९७ रोजी मुंबईहून आलेल्या ‘कूरलँड’ बोटीवरून गांधीजी दरबान बंदरात उतरले, तेव्हा जमावाने त्यांच्यावर दगडांचा मारा केला. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी मध्ये पडल्या म्हणून ते बचावले. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने जे साधले, ते जमावाला साधले नव्हते. नव्या कायद्यात भारतीयांचे नावही नव्हते. येणाऱ्याने युरोपातील कोणत्याही एका भाषेच्या लिपीत अर्ज लिहून द्यावा, एवढीच एक निरुपद्रवी दिसणारी अट होती. गुजरातीत हिशेबाच्या वह्या लिहिणारा पेढीवाला, तमिळ ग्रंथ वाचणारा पंडित किंवा मोडी दफ्तरात ज्याचा जन्म गेला असा एखादा चिटणीस, हे सारे या कायद्यापुढे निरक्षरच ठरावेत, अशी ती योजना होती.

साम्राज्याच्या राजधानीला ही युक्ती पसंत पडली. राणीच्या प्रजेतील एका वंशाला उघडपणे मज्जाव करणे अवघड होते. पण परीक्षा घेण्यास कोण हरकत घेणार? वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८९७ च्या लंडन येथील परिषदेत इतर वसाहतींच्या प्रधानांपुढे नाताळचाच कित्ता ठेवला. पुढे १ जानेवारी १९०१ रोजी ऑस्ट्रेलियाचे संघराज्य जन्मास आले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्याच्या पहिल्या संसदेने स्थलांतरनिर्बंधाचा कायदा संमत केला. जकात अधिकाऱ्याने युरोपीय भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवावा आणि आगंतुकाने तो लिहून काढावा. न जमल्यास त्याला परत पाठवावे. शुद्धलेखनाची ही परीक्षा शाळेत आपण सर्वांनी दिलेली आहे. फरक इतकाच की, येथे भाषा निवडण्याचा अधिकार परीक्षकाकडे होता. उमेदवार इंग्रजी जाणत असेल तर त्याच्यापुढे फ्रेंच ठेवावी, फ्रेंचही जाणत असेल तर आणखी एखादी शोधावी. ‘युरोपीय’ हा शब्द जपानला झोंबला, म्हणून १९०५ साली त्या जागी ‘विहित भाषा’ असा शब्दप्रयोग आला. व्यवहारात भाषा युरोपीयच राहिल्या. १९०९ पर्यंत १,३५९ वेळा ही परीक्षा घेण्यात आली आणि अवघे ५२ जण उत्तीर्ण झाले. त्यानंतर एकही नाही. परीक्षेचा निकाल परीक्षेपूर्वीच लागलेला असे.

ही परीक्षा केवळ नवागतांसाठी होती, असेही नव्हे. १९०१ पूर्वीच ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले भारतीय होते. त्यांतील अनेकजण फेरीवाले. कापड आणि किरकोळ जिन्नस घेऊन ते दूरदूरच्या वस्त्यांवर हिंडत. आईबापांना भेटावयास मायदेशी जाऊन परत यावयाचे, तर अशा माणसाला निघण्यापूर्वी परीक्षेतून सूट मिळाल्याचा दाखला घ्यावा लागे. दाखल्यावर त्याची समोरून व बाजूने काढलेली छायाचित्रे आणि हाताचा ठसा. हे दाखले तेथील राष्ट्रीय दफ्तरखान्यात आजही जपून ठेवलेले आहेत. आपण कागदांत वावरणारी माणसे. या कागदाचा अर्थ आपणांस वेगळा सांगावयास नको. हा मनुष्य कोण, कोठे राहतो, त्याचा व्यवहार चोख आहे की नाही, हे वस्तीवरच्या गिऱ्हाइकांना ठाऊक असे. परंतु बंदरावर त्यांची साक्ष कोणी काढीत नसे. तेथे तळहाताचा ठसा बोलेल तेवढेच खरे.

या लोकांची बाजू मांडण्यासाठी १९२२ साली नामदार श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियात गेले. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची धुरा गोखल्यांच्या पश्चात त्यांच्याकडे आली होती. दरवाजे सताड उघडा, असे त्यांचे मागणे नव्हते. जे तेथे राहून तेथलेच झाले आहेत, त्यांना इतरांसारखे हक्क द्या, एवढेच ते मागत होते. १९२५ साली तेथील भारतीयांना संघराज्याच्या निवडणुकांत मताधिकार मिळाला. शास्त्रीबुवांच्या मागणीतील मर्म मला महत्त्वाचे वाटते. नात्याचा पुरावा त्यांनी वास्तव्यात आणि वर्तनात शोधला. पन्नास शब्दांच्या उताऱ्यात शोधला नाही.

लबाडीने उभारलेली परीक्षा पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, याचा नेम नसतो. भारतीय व चिनी लोकांसाठी रचलेला हा सापळा १९३४ साली एका गोऱ्या लेखकासाठी लावण्यात आला. प्रागचे पत्रकार एगॉन किश हे हिटलरविरोधी सभेत बोलण्यासाठी आले असता सरकारने त्यांना बोटीवरून उतरू दिले नाही. त्यांनी मेलबर्नला धक्क्यावर उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. किश यांना अनेक भाषा अवगत होत्या. तेव्हा सिडनीत त्यांची परीक्षा घेण्यात आली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील गेलिक भाषेत; आणि परीक्षा घेणारा शिपाई स्वतःच त्या भाषेत कच्चा होता! सर्वोच्च न्यायालयाने, ही कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे, असा निर्णय देऊन परीक्षाच रद्द ठरवली. दोनच वर्षांनी लाहोर येथे जन्मलेल्या मेबल फ्रीअर या ब्रिटिश स्त्रीला इटालियन उतारा घालून नापास करण्यात आले. एका विवाहित लष्करी अधिकाऱ्याशी तिचे असलेले संबंध सरकारला रुचले नव्हते. फार गाजावाजा झाल्यावर १९३७ मध्ये तिला प्रवेश मिळाला. अखेर १९५८ च्या कायद्याने ही परीक्षा बंद झाली आणि ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ या धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये दूर करण्यात आले.

यावर कोणी म्हणेल की, ही तर परीक्षेची विटंबना झाली. प्रामाणिक परीक्षेविषयी बोला. ते म्हणणे रास्त आहे. १ ऑक्टोबर २००७ पासून ऑस्ट्रेलियात सुरू झालेली नागरिकत्वाची परीक्षा त्या जुन्या परीक्षेची बहीण नव्हे. वीस प्रश्न, तयारीसाठी विनामूल्य पुस्तिका, आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्याची मुभा. उमेदवाराने उत्तीर्ण व्हावे, अशी परीक्षकाचीही इच्छा असते, हा दोहोंतील सर्वांत मोठा भेद. परीक्षा या नात्याने ती बव्हंशी न्याय्य आहे, असे मला वाटते. परंतु नात्याचे माप म्हणून?

आरंभीच्या त्या परीक्षेच्या संदर्भात १९३० च्या दशकातील क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन यांच्याविषयीचा प्रश्न फार गाजला. तो प्रश्न आमच्या कचेरीत विचारला, तर निम्मी माणसे डोळे मिटून बरोबर उत्तर देतील, वर त्यांची सरासरीही दशांशासकट सांगतील. तेवढ्याने त्यांच्यापैकी कोणी ऑस्ट्रेलियन होणार नाही. उलट, युद्धातून जीव वाचवून आलेली, आयुष्यात कधी शाळेची पायरी न चढलेली एखादी निर्वासित विधवा त्या प्रश्नापाशी अडेल. आणि तिला तर दुसरा देशच उरलेला नसतो. २००८ साली रिचर्ड वूलकॉट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही परीक्षा सदोष ठरवली. त्यानंतर २००९ मध्ये असे प्रश्न वगळून नागरिकाची कर्तव्ये व हक्क यांवर भर देण्यात आला. २०२० पासून राष्ट्रीय मूल्यांवरील पाच प्रश्न घालण्यात आले असून त्या पाचांचीही उत्तरे अचूक द्यावी लागतात. मूल्ये माहीत असावीत, हे खरे. पण कायद्यापुढे सर्व समान आहेत, या विधानापुढे खूण करणे आणि शेजाऱ्याला समान मानणे, यांतील अंतर कोणती परीक्षा मोजणार?

याच देशातील आणखी एक गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. जे लोक तेथे सहस्रावधी वर्षे नांदत होते, त्या मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांना १९०२ च्या कायद्याने संघराज्याच्या मताधिकारापासून दूर ठेवले. तो अधिकार त्या सर्वांना १९६२ साली मिळाला. देशाची लोकसंख्या मोजताना त्यांना धरू नये, हे संविधानातील कलम १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले. त्यांची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती. घेतली असती, तर त्या भूमीविषयीच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याइतकी कोणाला आली असती? आपले कोण, हे ठरवणाराने आधीच ठरवलेले असते आणि परीक्षा मागाहून येते, ही गोष्ट येथे जितकी स्पष्ट होते तितकी अन्यत्र होत नाही.

आपल्याकडे काय आहे? आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. त्यानुसार देशीयीकरणाने नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परकीयास चांगले चारित्र्य व दीर्घ वास्तव्य यांखेरीज संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान असावे लागते. इतिहासाची प्रश्नपत्रिका नाही, क्रिकेटही नाही. संविधान झाले तेव्हा त्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. म्हणजे कोलकात्यात राहणारा एखादा परकीय केवळ मराठी जाणत असला, तरी भाषेची अट पुरी होते. आणि नागपुरात राहणाऱ्याची बंगालीवरही होते. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणांस या तरतुदीतील औदार्य अधिक जाणवावे. मात्र ‘पुरेसे’ या शब्दाचे माप कोठल्याही कायद्याला अखेर कोणाच्या तरी टेबलावर सोपवावे लागते.

आणि टेबलाची मला माहिती आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी असताना, एक वृद्ध गृहस्थ माझ्यापुढे अर्ज घेऊन आले. नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचे होते. मी अर्ज परत केला. ते दुसऱ्यांदा आले, तेव्हा एक रकाना रिकामा होता. तोही त्यांना वाचता येत नसलेल्या भाषेत छापलेला. मी पुन्हा परत केला. नियम माझ्या बाजूला होता. पण त्या दिवशी मी थकलो होतो आणि रकाना दाखवून भरून घेण्यास दोन मिनिटे लागली असती, हेही खरे आहे. ते तिसऱ्यांदा आले नाहीत. मेलबर्न वा सिडनीच्या धक्क्यावर उतारा वाचून दाखवणारा जकात अधिकारी हा कोणी राक्षस नसावा. तो माझ्यासारखाच, घरी जाण्याची वेळ पाहणारा एक कारकून असावा. संसदेने त्याच्या हाती नकार देण्याचे एक सोपे साधन दिले होते, इतकेच.

म्हणून मला वाटते, नागरिकत्वाची परीक्षा जरूर असावी, पण ती पाठासारखी असावी. देशात येऊन राहणाराला येथले कायदे, येथले हक्क समजावेत, यासाठी. तिला तराजू मानू नये. आणि ती न्याय्य आहे की नाही, हे ठरवताना उमेदवाराचे गुण पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: परीक्षकाला तो उत्तीर्ण व्हावा असे वाटते काय, आणि त्या मातीत जन्मलेली माणसे तीच प्रश्नपत्रिका सोडवू शकतील काय.

माझे बंगाली सहकारी उन्हाळ्याच्या सुमारास परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांनी साऱ्या शाखेला संदेश वाटले. मी विचारले, “मग, झालात ना अधिक भारतीय?” ते म्हणाले, “ते ठाऊक नाही. पण तुमची बांग्ला फार सुधारली हो, मला हिंदी शिकवता शिकवता.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बाजारातला मासेवाला आता मला भाव सांगताना हिंदीत शिरत नाही. कधीपासून, ते माझ्या लक्षात नाही. आणि त्याचा दाखलाही कोणी दिलेला नाही.